प्रजननमार्गाच्या नमुन्यांवर काम सुरू करतेस? आधी एवढं सांभाळ

आतड्यातल्या रोगप्रतिकाराचे नियम इथे जसेच्या तसे लावू नकोस, नवखे तिथेच चुकतात. आतड्यात आयजीए ही अँटीबॉडी (रोगजंतूंना चिकटणारं प्रथिन) वरचढ. योनिस्रावात मात्र बहुधा आयजीजी हा अँटीबॉडीचा दुसरा प्रकार जास्त.

प्रत्येक नळीवर पाळीचा दिवस लिही. नुसतं ‘नमुना ३’ चालणार नाही. स्त्रीबीज सुटण्याच्या सुमारास गर्भाशयमुखाच्या स्रावातल्या अँटीबॉडी घटतात, आणि पाळीआधीच्या दिवसांत गर्भाशयाच्या अस्तरात एनके (नॅचरल किलर) पेशींची, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींची, गर्दी होते. ती गर्दी म्हणजे आजार नव्हे! निरोगी बाईच्या शरीरात दर महिन्याला हे घडतं.

- स्राव गुलाबी दिसला तर थांब: रक्तातलं आयजीजी मिसळलं असणार, आकडा फुगेल.
- प्लाझ्मा पेशी (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी) आधी गर्भाशयमुखाच्या आतल्या भागात शोध.

फ्लो सायटोमेट्रीची (लेझरने एकेक पेशी तपासण्याची) मोठी पॅनेल, म्हणजे एकाच वेळी अनेक खुणा तपासणारे संच, सध्या राहू देत. अडलीस की बिनधास्त विचार.