रंगाआधी मूलद्रव्य बघ

रत्नांच्या रंगाचं रसायन शिकायचंय ना, मग सूत्रं पाठ करत बसू नकोस. माणिक आणि नीलम दोन्ही मुळात कुरुंदच, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड. शुद्ध असेल तर रंगहीन. अ‍ॅल्युमिनियमच्या जागी थोडं क्रोमियम शिरलं की लाल, लोह आणि टायटॅनियम जोडीनं आले की निळा. तेच क्रोमियम बेरिल या दुसऱ्या खनिजात गेलं की हिरवागार पाचू! कारण भोवतीच्या अणूंची पकड बदलते आणि शोषला जाणारा प्रकाशही बदलतो. इथे घाई नको, हे नीट समजून घे.

पुण्यात राहतोस हे तुझं भाग्यच. वाघोलीच्या दगडखाणींतला कॅव्हनसाइट हे खनिज बघ: स्टिल्बाइट या पांढऱ्या खनिजावर गडद निळ्या सुयांचे गुच्छ. त्यात व्हॅनेडियम हा धातू खनिजाच्या घडणीतच आहे. पुण्याच्याच पाषाण भागातल्या अपोफिलाइट या हिरव्या खनिजामध्येही व्हॅनेडियमच, पण किंचित भेसळ म्हणून. दोन्ही शेजारी ठेवून बघच. (कॅव्हनसाइट मऊ असतो, अंगठीत बसवायचा हट्ट धरू नकोस.)

माणिक बघायला जाशील तेव्हा अतिनील टॉर्च सोबत घेऊन जा. खडा लालभडक उजळला तर क्रोमियम आहे एवढंच कळतं. कृत्रिम माणिकही तसाच उजळतो. त्यामुळे प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्राशिवाय पैसे मोजू नकोस.