क्लाउडकडे जाणाऱ्या सिंकची सेटिंग्ज पायथनमधून बदलायची आहेत? आधी नावांच्या स्पेलिंगची यादी काढा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बेळगावच्या एका शिक्षणसंस्थेत सर्व्हरवर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (खात्यांची यादी सांभाळणारी व्यवस्था) आहे आणि तिथली खाती एन्ट्रा कनेक्ट या सिंकच्या सॉफ्टवेअरमधून मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये जातात. २०१४ मध्ये शहराचं सरकारी नाव बदललं, तरी संस्थेचं डोमेन अजून ‘बेलगाम’वरच आहे. ते ‘बेळगावी’वर न्यायचंय. जुनी स्क्रिप्ट एमएस-ऑनलाइन मोड्यूलवर होती, ते २०२५ मध्ये बंद झालं. आता पायथनची ग्राफ लायब्ररी (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी बोलणारी) घेतली, तर बदल पाठवताना ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’, येतोय. ‘ब्लॉक सॉफ्ट मॅच’ चालू ठेवावं का, हेही विचारलंय.

आधी ४०३. डिरेक्टरी वाचण्या-लिहिण्याची सर्वसाधारण परवानगी इथे पुरत नाही. ‘ऑनप्रेम डिरेक्टरी सिंक्रोनायझेशन रीड-राइट ऑल’ ही वेगळी परवानगी अ‍ॅप रजिस्ट्रेशनमध्ये घाला आणि तिला अ‍ॅडमिन कन्सेंट द्या. ती डेलिगेटेड (लॉगिन केलेल्या माणसाच्या वतीने चालणाऱ्या) प्रकारची घ्या आणि ब्राउझरमधून ग्लोबल अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्याने लॉगिन करा. क्लायंट सीक्रेट (अॅपचा स्वतःचा पासवर्ड) ठेवून आपोआप चालणारी स्क्रिप्ट यासाठी करू नका. ही सेटिंग्ज वर्षातून एकदोनदा हलतात आणि त्या वेळी माणूस समोर बसलेला असावा. कन्सेंट दिल्यानंतर जुनं टोकन (आधीच्या लॉगिनला मिळालेला परवाना) चालत नाही, पुन्हा लॉगिन करा.

कोड दहा ओळींच्या पुढे जात नाही. डिरेक्टरीखालच्या ऑन-प्रिमायसेस-सिंक्रोनायझेशनवर गेट (वाचायची विनंती) मारलं की यादी मिळते. तिच्यातल्या पहिल्या घटकाचा आयडी घ्या (तो म्हणजे तुमचाच टेनंट आयडी, संस्थेच्या क्लाउडमधल्या जागेचा क्रमांक) आणि तो जोडलेल्या पत्त्यावर पॅच (बदलायची विनंती) पाठवा. उत्तर २०४ येतं, त्यात मजकूर नसतो. त्याला चूक समजू नका, पुन्हा गेट करून किंमत बदलली का ते बघा. लायब्ररी असिंक्रोनस आहे, म्हणजे उत्तराची वाट बघायला ‘अवेट’ लिहावं लागतं. पॅचच्या आधी ‘अवेट’ राहिलं, तर विनंती जातच नाही, फक्त एक इशारा छापून स्क्रिप्ट संपते. आणखी एक: गेटमधून आलेला अख्खा ऑब्जेक्ट बदलून परत पाठवू नका. नवा रिकामा ऑब्जेक्ट करा, त्याच्या ‘फीचर्स’मध्ये बदलायचा तेवढाच एक गुणधर्म भरा. पासवर्ड सिंक, पासवर्ड राइटबॅक, डिव्हाइस राइटबॅक (राइटबॅक म्हणजे क्लाउडमधलं सर्व्हरवर परत लिहिणं) हे गुणधर्मही यादीत दिसतील, पण ती कामं कनेक्ट सर्व्हरच्या विझार्डमधूनच करायची असतात.

आता खरी काळजी कुठे घ्यायची ते. तुम्ही विचारलेला ‘ब्लॉक सॉफ्ट मॅच’ हा गुणधर्म मी तरी कायम चालू ठेवायला सांगेन. सॉफ्ट मॅच म्हणजे सर्व्हरवरून नवीन खातं वर आलं की त्याचं लॉगिन नाव किंवा मुख्य ई-मेल आधीच्या एखाद्या क्लाउड खात्याशी जुळतंय का ते बघणं, आणि जुळलं की दोन्ही एकच धरणं. बेळगाव, खानापूर, निपाणीत पाटील किती आहेत ते सांगायला नको. समजा, ऑफिसातल्या सुनंदा पाटलांचं खातं कोणीतरी थेट क्लाउडमध्ये ‘एस डॉट पाटील’ नावाने केलंय. जूनमध्ये संतोष पाटील नावाचे शिक्षक रुजू झाले आणि सर्व्हरवर त्यांनाही तोच पत्ता दिला. पुढच्या सिंकला, म्हणजे जास्तीत जास्त अर्ध्या तासात, बाईंची मेलबॉक्स सरांच्या खात्याला चिकटते. पासवर्ड हॅश सिंक (पासवर्डचं सांकेतिक रूप क्लाउडकडे पाठवणं) चालू असेल तर सरांचा पासवर्डही तिला लागतो. मग सरांचं खातं सिंकच्या कक्षेबाहेर काढा, वरचं खातं डिलीट झालेल्यांच्या यादीतून ३० दिवसांच्या आत परत आणा, अशी खटपट मागे लागते.

याच्या उलट प्रकारही आपल्याकडे नेहमीचा. एकाच माणसाचं नाव मराठी शाळेच्या दाखल्यावर ‘डी’ने सुरू होणारं ज्ञानेश्वर, आणि कर्नाटक बोर्डाच्या एसएसएलसीवर ‘जे’ने सुरू होणारं. क्लाउडमधलं खातं एका स्पेलिंगचं, सर्व्हरवरचं दुसऱ्या. इथे मॅच होत नाही, दुसरं रिकामं खातं उभं राहतं आणि मेल पहिल्यातच पडत राहतात. म्हणून आधी दोन्हीकडच्या याद्या काढून एक्सेलमध्ये शेजारी शेजारी ठेवा आणि कर्मचारी क्रमांकावरून जुळवा, नावावरून नव्हे. ज्यांना खरंच जोडायचंय, त्यांच्या सर्व्हरवरच्या प्रॉक्सी-अ‍ॅड्रेसेसमध्ये (ई-मेल पत्त्यांच्या रकान्यात) क्लाउडचाच मुख्य पत्ता घाला. मुख्य पत्त्यापुढचं ‘एसएमटीपी’ मोठ्या लिपीत हवं. लहान लिपीत लिहिलं तर तो दुय्यम पत्ता ठरतो आणि मॅचला धरला जात नाही. जोडणी करायची तेवढ्यापुरता ब्लॉक काढा, डेल्टा सिंक (फक्त बदललेल्याचं सिंक) चालवा, लगेच परत लावा.

डोमेन बदलासाठी बघायचा गुणधर्म वेगळा: ‘सिंक्रोनाइझ यूपीएन फॉर मॅनेज्ड यूजर्स’ (यूपीएन म्हणजे लॉगिन नाव). जुन्या टेनंटमध्ये तो बंद असू शकतो. बंद असताना सर्व्हरवर लॉगिन नाव बदललं तरी लायसन्स दिलेल्या खात्यांचं क्लाउडमधलं नाव तसंच राहतं, आणि माणूस सिंक बिघडला म्हणून शोधत बसतो. हा गुणधर्म एकदा चालू केला की बंद करता येत नाही, त्यामुळे पॅच पाठवण्याआधी गेटचं उत्तर फाइलमध्ये जपून ठेवा. क्रम असा: नवीन डोमेन क्लाउडमध्ये व्हेरिफाय करा, मग सर्व्हरवर ‘डोमेन्स अँड ट्रस्ट्स’मध्ये तो सफिक्स (लॉगिन नावातला @ नंतरचा भाग) जोडा, मग पाच जणांची नावं बदलून सिंक करा. व्हेरिफाय करायचं राहिलं तर लॉगिन नावाला ‘ऑनमायक्रोसॉफ्ट’ची शेपटी लागते. नाव बदलल्यावर त्या माणसाच्या वनड्राइव्हचा पत्ताही बदलतो, आधी पाठवलेल्या लिंक तुटू शकतात. परीक्षेच्या आणि निकालाच्या दिवसांत हे काम काढू नका.

विचारलं नव्हतं, पण त्याच स्क्रिप्टमध्ये उरका: अपघाती डिलीट रोखण्याची मर्यादा. ती मुळात ५०० असते. तुमच्याकडे खाती ३४० आहेत, म्हणजे चुकून सगळं ओयू (सर्व्हरवरचा खात्यांचा गट) सिंकमधून वगळलं गेलं तरी ती मर्यादा कधी लागणारच नाही. ‘कॉन्फिगरेशन’मधल्या ‘अ‍ॅक्सिडेंटल डिलीशन प्रिव्हेन्शन’मध्ये प्रकार ‘संख्येवरून चालू’ ठेवा आणि मर्यादा २० करा. जूनमध्ये पास झालेल्या विद्यार्थ्यांची खाती काढताना एक्सपोर्ट (बदल क्लाउडकडे पाठवणं) थांबेल. तेव्हा यादी डोळ्यांखालून घाला, मग तेवढ्यापुरती मर्यादा वाढवा आणि काम झालं की परत २० वर आणा.