काळ्या मातीतल्या पाणंद रस्त्यावर थर्मलची राख टाकली तर रस्ता टिकेल का?

तुम्ही सोनपेठकडचे, परळी तुम्हाला जवळ. दरवर्षी पाणंदीवर मुरूम टाकता आणि मृगाचे दोन पाऊस झाले की मुरूम खाली, चिखल वर. आता परळीच्या थर्मलची, म्हणजे औष्णिक वीज केंद्राची, राख मिळतेय, ती अंथरली तर भागेल का, असं विचारलंय.

नुसती अंथरली तर नाही भागणार. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलोय. डिप्लोमा करून ठेकेदारांच्या साईटवर सुपरवायझर म्हणून लागलो, तेव्हा सुरुवातीच्याच एका शिवरस्त्यावर मी हायवानं, म्हणजे मोठ्या टिपरनं, राख ओतून, पाणी मारून रोलर फिरवला होता. मे महिन्यात रस्ता सिमेंटसारखा गुळगुळीत. जूनमध्ये निम्मी राख शेजारच्या कापसाच्या सऱ्यांत. त्या शेतकऱ्यानं मला जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही.

राखेला स्वतःचा चिकटपणा नसतो. आपल्याकडच्या दगडी कोळशाच्या राखेत सिलिका आणि ॲल्युमिना भरपूर, चुन्याचा अंश मात्र अगदी कमी. म्हणून ती पाण्यानं घट्ट होत नाही, उलट वाहून जाते. तिला बाहेरून चुना दिला की गोष्ट बदलते. चुना, सिलिका आणि पाणी मिळून हळूहळू तोच बांध धरतात जो सिमेंटमध्ये असतो. यात नवीन काही नाही. जुन्या वाड्यांच्या भिंतींसाठी चुन्याच्या घाण्यात चुना मळताना विटांचा भुगा घालायचे, तो याचसाठी.

चुना मातीवरही काम करतो. आपली काळी माती बेसाल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून तर हात जाईल एवढ्या भेगा पडतात. चुन्यातलं कॅल्शियम त्या कणांना एकमेकांशी धरून ठेवतं. दुसऱ्या दिवशी मूठभर माती उचलून बघा, हाताला चिकटायची थांबलेली असते, भुसभुशीत लागते. रस्त्याच्या भाषेत सांगायचं तर भिजलेल्या काळ्या मातीचा सीबीआर, म्हणजे भार पेलायची ताकद मोजणारा आकडा, बहुतेक वेळा १ ते ३ असतो. त्यावर कितीही मुरूम ओता, तो रुतणारच. चुना-राख नीट मिसळल्यावर हाच आकडा १० च्या पुढे जाऊ शकतो.

माझ्यावर विश्वास ठेवू नका, घरी करून बघा. रस्त्यावरचीच माती बारीक करून चाळा आणि तीन लाडू वळा. एक नुसत्या मातीचा, दुसरा मातीत पाचवा हिस्सा राख घालून, तिसरा तेवढीच राख आणि १०० ला ४ या हिशोबानं विझवलेला चुना घालून. ओल्या पोत्याखाली सात-आठ दिवस ठेवा, मग तिन्ही पाण्याच्या बादलीत सोडा. पहिला लाडू विरघळत जातो. दुसराही बसतो. तिसरा दुसऱ्या दिवशीही लाडूच असतो. मी हा प्रयोग एकदा ग्रामपंचायतीच्या ओट्यावर केला. तोवर मला अर्धवट समजणारे सरपंच त्यानंतर खुर्ची पुढं ओढून बसले.

आता प्रत्यक्ष काम. ही चुना-राखेची माती सर्वात वरचा थर नव्हे, मुरमाच्या खालचा पाया आहे. वर मुरूम किंवा खडी लागणारच, नाहीतर चाकांनी तिचा फुफाटा होईल. सगळ्यात अवघड भाग म्हणजे ढेकळं फोडणं. सुक्या काळ्या मातीचं ढेकूळ आतून तसंच राहिलं तर चुना त्याच्या बाहेरच्या सालीवरच काम करतो आणि पहिल्या पावसात ते आतून फुगतं. म्हणून काम वाफशावर, म्हणजे माती ना ओली ना सुकी असताना धरा, साधारण जानेवारी-फेब्रुवारीत. ट्रॅक्टरनं नांगरून तीन-चार वेळा रोटा (रोटाव्हेटर) मारा. आधी चुना मिसळा, हलकं पाणी द्या, रात्रभर तसंच झाकून ठेवा. सकाळी राख घालून पुन्हा रोटा, मग पाणी, मग रोलर. १५ सेंटिमीटरपेक्षा जाड थर एकदम दाबू नका, खालची माती दबत नाही. मधे फुगीर आणि दोन्ही कडेला उतार ठेवा. त्यानंतर आठवडाभर ओलं ठेवायचं आणि ट्रॅक्टर-बैलगाड्या अडवायच्या. ही शेवटची गोष्ट गावात सगळ्यात कठीण, हे मला माहीत आहे.

हिशोब असा: ३ मीटर रुंद, १०० मीटर लांब, १५ सेंटिमीटर जाड म्हणजे ४५ घनमीटर, दाबलेली माती साधारण ६५ ते ७० टन. तिला १३-१४ टन राख आणि पावणेतीन टनांपर्यंत चुना. राख स्वस्त असते, खर्च चुन्याचा आणि पाण्याचा. कालवताना दोन टँकर तरी लागतील आणि ओलं ठेवायला वेगळे. आपल्याकडे पाण्याचं काय ते सांगायला नको, २०१३ च्या दुष्काळात परळीचं थर्मलच पाण्यावाचून बंद पडलं होतं. त्यामुळं विहिरी आटायच्या आत काम उरका. मातीगणिक प्रमाण थोडं बदलतं, तेव्हा जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात दोन पोती माती देऊन तपासून घ्या.

राख कोणती हेही बघा. बल्करमधून, म्हणजे बंद टाकीच्या ट्रकमधून येणारी सुकी राख मैद्यासारखी मऊ असते, तीच चुन्याशी चांगली जमते. थर्मलच्या राखेच्या तळ्यातली राख बोटांना वाळूसारखी खरखरीत लागते, कारण तिच्यात भट्टीच्या बुडाची जाड राख मिसळलेली असते. ती भरावाला ठीक, या कामाला कमी पडते. साखर कारखान्याची राख हा वेगळाच माल, ती यात धरू नका.

मागणी ग्रामपंचायतीच्या पत्रावरच करा. ३१ डिसेंबर २०२१ च्या केंद्राच्या अधिसूचनेनं औष्णिक केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत रस्त्यांच्या कामात राख वापरायला सांगितलंय, त्याचा उल्लेख पत्रात असू द्या. मधल्या माणसाकडून घेऊ नका. राखेत आता पैसा आहे, आणि पैसा आला की भानगडी येतात.

राख ताडपत्री झाकूनच आणा, ती फुफ्फुसात जाते. चुना पसरणाऱ्यांना हातमोजे, गमबूट, डोळ्यांना चष्मा द्या आणि कळीचा चुना रस्त्यावर विझवत बसू नका, लोक भाजलेले मी पाहिलेत. राखेत जड धातूंचे अंश असतात, म्हणून विहिरीच्या कडेचा आणि पाणी साचणारा तुकडा सोडून द्या.

एकदम दोन किलोमीटर करू नका. जिथं ट्रॅक्टर हमखास रुततो तो ५०-१०० मीटरचा पट्टा आधी घ्या. पण तिथं पाणी शेताच्या बाजूनं रस्त्यात उतरत असेल तर रोटा आणण्याआधी दोन्ही कडेची नाली काढा आणि आडवा पाईप टाका. नाली बुजलेली ठेवून केलेला चुना-राखेचा रस्ताही मी उखडलेला पाहिलाय.