बॅच मिक्स की ड्रम मिक्स?

इंदूरच्या परिसरात रस्त्यांची कामे घेणार असाल, तर डांबर-खडीचे मिश्रण बनवणाऱ्या प्लांटच्या किमतीआधी निविदेतील अटी वाचा. महामार्गाच्या कामांत बहुधा बॅच मिक्स प्लांटच मागितला जातो. त्यात तापलेली खडी पुन्हा चाळून आकारवार वेगळी होते आणि प्रत्येक खेपेला वजन करून पगमिलमध्ये, म्हणजे मिसळण्याच्या यंत्रात, डांबराशी मिसळते, त्यामुळे खाणीतून आलेला माल थोडा कमीजास्त असला तरी मिश्रण सावरता येते. ड्रम मिक्समध्ये ही चाळणी नसते; थंड बिनमधून, म्हणजे न तापवलेल्या खडीच्या कप्प्यांतून, जे प्रमाण सुटते, तेच रस्त्यावर जाते. तो स्वस्त आणि हलवायला सोपा आहे, पण मिश्रण वारंवार बदलावे लागत असेल तर मी तो सुचवणार नाही. कोणताही घेतलात तरी खडीवर शेड अवश्य उभारा, कारण ओल्या खडीने इंधन वाढते आणि उत्पादन घटते.