न दिसणाऱ्या रिकाम्या जागेसाठी मुलाला निष्काळजी ठरवू नका

आदरणीय पालक,

बीसीएच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलाची शेल स्क्रिप्ट (‘शेल’ या प्रोग्रामला ओळीने आज्ञा देणारी फाइल) इंटर्नशिपच्या चाचणीत एका व्हेरिएबलमधल्या (किंमत साठवून ठेवणाऱ्या नावामधल्या) रिकाम्या जागांमुळे फसली, हे आपण तीन ओळींत लिहिले आहे. उरलेले पत्र तो किती निष्काळजी आहे यावरच आहे. त्याला न विचारता आपण बँक परीक्षांच्या शिकवणीचे पैसेही भरून टाकलेत. मला काळजी वाटली ती याची. चूक कशी झाली हे त्याला उमगण्याआधीच घरात निकाल लागला, तर पुढची चूक तो लपवेल, आणि या व्यवसायात लपवलेली चूक फार महाग पडते.

‘नीट पाहिले असते तर दिसले असते’ हा आपला गैरसमज आहे. पत्रासोबतची स्क्रिप्ट मी वाचली. फाइलमधल्या ओळी मोजून आलेला आकडा त्याने व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि ‘५’शी मजकूर म्हणून जुळवला. घरच्या लिनक्स संगणकावर ओळी मोजणाऱ्या ‘डब्ल्यूसी’ कमांडने त्याला नुसता आकडा दिला. चाचणीच्या मॅकवर तीच कमांड आकड्याआधी रिकाम्या जागा सोडते. व्हेरिएबल दुहेरी अवतरणचिन्हांत लिहिण्याचा नियम त्याने पाळला होता, म्हणूनच त्या जागा जशाच्या तशा राहिल्या आणि ‘५’शी मेळ बसला नाही. अवतरणे नसती तर शेलने त्या गाळल्या असत्या, पण तो उपाय नव्हे: २००१ साली आयट्यून्स २.०च्या मॅक इन्स्टॉलरमध्ये अवतरणे द्यायची राहून गेली आणि डिस्कच्या नावात रिकामी जागा असलेल्या काही जणांचा डेटा पुसला गेला. आकड्यांची तुलना मजकूर जुळवणाऱ्या ‘=’ऐवजी आकडे जुळवणाऱ्या ‘-ईक्यू’ने केली असती, तर त्या जागा आड आल्या नसत्या. मजकुराच्या बाबतीत मात्र दोन्ही टोकांच्या जागा आधी छाटाव्या लागतात, आणि विंडोजवर तयार झालेली फाइल असेल तर ओळीच्या शेवटचे कॅरेज रिटर्न हे न दिसणारे चिन्हही काढावे लागते. जाणकार माणसे शंका येताच व्हेरिएबलची किंमत चौकटी कंसात छापून पाहतात, म्हणजे टोकांच्या जागा दिसतात. ही सवय शिकवावी लागते, ती रागावून लागत नाही.

बँकेची लिपिकपदाची परीक्षा पदवीनंतर खुल्या प्रवर्गातूनही २८ वर्षांपर्यंत देता येते, तिची घाई नाही. शिकवणीचे पैसे परत मिळत असतील तर घ्यावेत. सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे संस्थेचे संगणक सांभाळण्याच्या कामात, रोज असेच दोष शोधावे लागतात. ते त्याला आवडते का, हे पुढच्या पत्रात त्याने स्वतः लिहावे, आणि ते पत्र आपण आधी वाचू नये.