दवाखान्यात हिंदी कागद लावला म्हणून कोणी मराठी शिकायचं थांबत नाही

दादा, तुमचं म्हणणं असं की पालिकेच्या दवाखान्यात लसीकरणाची माहिती हिंदीत लावली तर परप्रांतीय मराठी शिकतील कशाला, आणि अमेरिकेनेसुद्धा हे लाड बंद केलेच ना. मी नवी मुंबईत लसीकरणाच्या टेबलावर बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी अमेरिका. मार्च २०२५ ला ट्रम्पनी इंग्लिश राजभाषा केली आणि क्लिंटनचा २००० सालचा आदेश, म्हणजे इंग्लिश न येणाऱ्यालाही सरकारी सेवा समजल्या पाहिजेत हा, रद्द केला हे खरंय. पण ठराविक भागांत मतपत्रिका दुसऱ्या भाषेतही द्यायचं १९७५ पासून कायद्यातच आहे, ते अध्यक्षाच्या सहीने जात नाही. आणि एवढे स्पॅनिश फॉर्म छापूनही तिकडची नातवंडं बहुतेक इंग्लिशच बोलतात, आजीशी बोलतानाच अडखळतात.

आपल्याकडे तरी काय वेगळं झालं? ठाणे पूर्वची कोपरी कॉलनी घ्या, नाहीतर उल्हासनगर, दोन्हीकडे सिंधी वस्ती. सिंधी भाषा १९६७ ला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आली तरी आता घराघरात पोरं हिंदी बोलतात. मराठी नाही, हिंदी! कुठल्या दवाखान्यातल्या बोर्डामुळे नाही, धंदा हिंदीत चालायचा आणि समोरचा मराठी माणूसही लगेच हिंदीवर यायचा म्हणून. उलट वाशीच्या एपीएमसी मार्केटात जाऊन बघा, कच्छी शेठ काय फाडफाड मराठी बोलतात! माथाडी साताऱ्याकडचा, कांदा घेऊन येणारा निफाडचा नाहीतर जुन्नरचा, मराठीशिवाय दिवस जाणार कसा, शिवीपण अस्सल सातारी देतात.

आता टेबलावरचं सांगते. पेंटाचे, म्हणजे पाच रोगांवरच्या एकत्र लसीचे, डोस दीड, अडीच, साडेतीन महिन्याला. टोचून झालं की आईला सांगायचं असतं, कुठली लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि झाला तर काय करायचं, परत कधी यायचं, कार्ड जपून आणायचं. बांधकामाच्या साइटवर राहणारी, बंगालमधल्या मालदाकडची एखादी पोरगी असते, नवरा बाहेर तंबाखू मळत उभा, ही सगळ्याला मान डोलावते. डोलावली म्हणजे समजलं असं अजिबात धरायचं नाही, उलटं विचारायचं, ताप आला तर काय करशील? तेव्हा कळतं की काहीच पोचलं नाही. बीसीजीचं, म्हणजे क्षयाच्या लसीचं, तर विचारूच नका, डाव्या दंडावर फोड येतो, पिकतो आणि आपोआप भरतो, काही लावायचं नसतं, पण हे न समजलेली आई हळद लावते, चुना लावते, नाहीतर सुईनेच पोर बिघडलं म्हणून पुढच्या डोसला फिरकतच नाही. मग आशाताई पत्रे ठोकलेल्या झोपड्यांतून तिला शोधत फिरते, तोवर ठेकेदाराने कुटुंब पनवेलच्या साइटवर हलवलेलं असतं. ते पोर गोवरच्या डोसाशिवाय राहिलं तर तो गोवर तुमच्या सोसायटीच्या गेटवर थांबणार आहे का?

म्हणून माझं मत, बोर्डावर मराठी वर आणि मोठ्या अक्षरात, त्यात तडजोड नको, पालिकेचं कामकाज मराठीत हे २०२२ पासून कायद्यातच आहे. पण आईच्या हातात जाणारा कागद तिला कळेल त्या भाषेत, हिंदी, बंगाली, जे लागेल ते, आणि चित्रं घाला कारण अर्ध्याजणींना वाचता येत नाही.

मराठी जाते ती दुसरीकडून. दुकानांच्या पाट्यांसाठी सुप्रीम कोर्टाने २०२३ ला दोन महिने दिले, पाट्या लागल्या, आणि त्या पाटीखाली उभे राहून आपणच विचारतो, भैया कैसे दिया? रिक्षात तेच, लिफ्टमध्ये वॉचमनशी तेच. मी टेबलावर प्रत्येक वाक्य आधी मराठीत सांगायचे, सावकाश, मग हिंदीत. नऊ महिन्यांच्या एमआरला, म्हणजे गोवर-रुबेलाच्या लसीला, येईपर्यंत बऱ्याचजणी आपणहून म्हणायच्या, ताई बाळाला काल ताप होता, आज द्यायची का सुई? शिक म्हणून कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

साइटवरच्या लोकांसाठी संध्याकाळचे मराठीचे वर्ग काढा असं पत्र पालिकेला देणार असाल तर माझी सही नक्की घ्या. हिंदी कागद काढा म्हणून असेल तर नको.