ट्रान्सफर केस उघडायच्या आधी टायर मोजा

शिराळ्याच्या दादांनी विचारलंय: पुण्यातून जुनी बोलेरो फोर बाय फोर घेतली, पहिल्याच पावसात चांदोलीकडे जाताना फोर एच (चारही चाकांना ताकद) घातलं तर गाडी जखडल्यासारखी चालली, खालून कटकट आवाज आला, आणि नंतर परत टू एचला (फक्त मागच्या चाकांना ताकद) यायला तयार नाही. गॅरेजवाला म्हणतो ट्रान्सफर केस, म्हणजे गियरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी, खोलावा लागेल. शिवाय जुनी गाडी घेतल्यावर अजून काय तपासू, हेही विचारलंय.

दादा, ट्रान्सफर केस अजून खोलू देऊ नका. चार वर्षांपूर्वी माझ्या गाडीला अगदी हेच होत होतं आणि तेव्हा मला कुणी अडवलं नाही, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय. मी मेकॅनिक नाही. पाटणच्या वरच्या अंगाला वाडी आहे, पावसाळ्यात दुधाचे कॅन खाली आणायला फोर व्हील लागतंच, तेवढाच माझा अनुभव. तुमची गाडी मी पाहिलेली नाही, त्यामुळे शेवटचा निर्णय गाडी बघणाऱ्याचा.

इंजिन ऑइल, बॅटरी, ब्रेक पॅड, टायमिंग वगैरे तुम्ही बघितलंच असेल, त्यात जात नाही.

हायवेलगतच्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये मी माझी गाडी नेली होती. नाव घेत नाही. त्यांनी ऐकलं, एक फेरी मारली आणि सांगितलं, प्रोपेलर शाफ्टचे (चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, गेलेत. क्रॉस बदलले. आवाज तसाच. मग म्हणाले पुढचं डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गियर). मग ट्रान्सफर केस उतरवला, चेन ताणली आहे म्हणून चेन, बेअरिंगं, सील, सगळं नवीन. बिल पाच आकडी झालं. गाडी घेऊन घरी आलो, पाणंदीत फोर एच घातलं, आणि तीच कटकट. विचारायला गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, जुन्या फोर बाय फोरला एवढं चालतंच. जुने पार्ट मागितले, तर भंगारात गेले म्हणे. एवढ्या सगळ्यात त्यांच्यापैकी एकानेही खाली वाकून टायरवरचे आकडे वाचले नव्हते. पैशांपेक्षा मला याचाच जास्त राग आहे. मोजायला दहा मिनिटं लागतात, पण मोजण्याचं बिल होत नाही, पार्टचं होतं.

कराडला जुन्या जीपा दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. त्यांनी गाडी रॅम्पवर घेतलीच नाही. टायरभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, मागचे टायर कुणी बदलले? पुढे कंपनीचा साईज, २१५/७५ आर १५. मागे २३५/७५ आर १५, जो त्या काळच्या स्कॉर्पिओला यायचा. आधीच्या मालकाने गाडी मागून उंच, दमदार दिसावी म्हणून घातले असणार. रिम तीच, त्यामुळे बसतात छान आणि सहज नजरेत येत नाहीत.

आता यात बिघडतं काय ते सांगतो. आपल्या या पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतं फोर व्हील घालायच्या, फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या शाफ्टच्या मध्ये डिफरन्शियल नसतं. फोर एच घातलं की दोन्ही शाफ्ट एकमेकांना बांधले जातात, दोघांनी सारखंच फिरायचं. वरच्या दोन साईजच्या व्यासात कागदावर ३० मिलिमीटरचा फरक आहे, म्हणजे परिघात साधारण ९४ मिलिमीटर. एक किलोमीटर जायला पुढच्या चाकाला अंदाजे ४५२ फेऱ्या लागतात, मागच्याला ४३४. दर किलोमीटरला १८ फेऱ्यांचा हा हिशेब कुठेतरी फेडावा लागतो. एका जुवाला लांब ढांगेचा खिलार आणि आखूड पावलाचा बैल जुंपला तर जू पिळतं, तसंच. चिखलात टायर घसरून तो पीळ सुटतो. डांबरावर किंवा काँक्रीटवर टायर घसरत नाही, म्हणून पीळ शाफ्टमध्ये, क्रॉसमध्ये आणि ट्रान्सफर केसच्या चेनमध्ये साठत जातो. मग झटक्यासरशी सुटतो, ती तुमची कटकट. दात एकमेकांवर दाबलेले असतात म्हणून फोर व्हील बाहेरही निघत नाही.

एक लक्षात ठेवा, डांबरावर वळण घेताना फोर एचमध्ये गाडी जखडणं हा दोष नाही. वळणात पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, त्यामुळे चांगली गाडीसुद्धा जखडते. तुम्ही चांदोलीच्या वाटेवर डांबरावरच फोर एच घातलं असेल तर कदाचित गाडीत काहीच बिघाड नसेल. आत्ता अडकलं असेल तर मोकळ्या जागी स्टेअरिंग सरळ धरून दहा-पंधरा फूट रिव्हर्स घ्या, बहुतेक वेळा सुटतं. जोर लावून ओढू नका.

टायर असे मोजा. आधी चारही चाकांत कंपनीने सांगितलेली हवा भरा. सपाट जागेवर टायरवर आणि त्याखालच्या जमिनीवर खडूने रेघ मारा, गाडी टू एचमध्ये सरळ ढकला, पाच फेऱ्या झाल्या की परत जमिनीवर रेघ. अंतर टेपने मोजा. पुढचं वेगळं, मागचं वेगळं. सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर इकडेतिकडे मोजण्यात होतं. जवळपास वीतभर फरक आला तर साईज एक असूनही एका जोडीची नक्षी नवी आणि दुसरीची झिजलेली आहे. अर्ध्या मीटरच्या आसपास आला तर साईजच वेगळा. स्टेपनीही बघा, ती वेगळी असेल तर ती लावून फोर एच घालायचं नाही. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. माझं स्पष्ट मत आहे की फोर बाय फोरला टायर घ्यायचे तर चारही एकदम घ्यावेत आणि अदलाबदल करत राहावी. दोन घ्या, दोन नंतर बघू, हे टू व्हील ड्राइव्हला ठीक आहे.

टायर सारखे निघाले तर मग पुढचं. फोर एच खरंच गुंततं का ते बघायला मऊ मातीत, भाताच्या खाचराच्या कडेला, फोर एच घालून थोडं पुढे जा आणि घट्ट जमिनीवर येऊन थांबा. गाडी गियरमध्ये ठेवून इंजिन बंद करा, बाकीच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा, हँडब्रेकवर भरवसा नको. पुढचं एक चाक जॅकने उचला आणि हाताने फिरवून बघा. थोडं हलून अडकलं तर ठीक. मोकळं फिरलं तर हब (पुढचं चाक अ‍ॅक्सलला जोडणारा भाग) लॉक होत नाही किंवा ट्रान्सफर केसमध्ये फोर व्हील जातच नाही. अशा वेळी आधी हब उघडायचा, तो स्वस्तातला आहे.

मग तेलं. गियरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरन्शियल, चारही ठिकाणची. इथे एक नियम कडक पाळा: आधी भरायचा बोल्ट सोडवा, तो सुटला तरच खालचा काढा. वरचा गंजून बसला असेल आणि तुम्ही आधी खालून तेल काढलंत, तर गाडी रिकाम्या हाऊसिंगसह तिथेच उभी राहील. तेल दुधाळ असेल तर पाणी गेलंय. नदी-ओढ्यातून गेलेल्या गाडीत हे हमखास सापडतं, कारण तापलेलं हाऊसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते, आणि वरची ब्रीदर नळी (हवा आत-बाहेर जायची) चिखलाने बंद असेल तर सीलमधून पाणी ओढलं जातं. म्हणून तेल बदलण्याबरोबर ब्रीदर फुंकून मोकळा करा, नाहीतर पुढच्या पावसात परत तेच. चुंबकाच्या बोल्टवर काळी बारीक पेस्ट असणं चालतं, दाताचा तुकडा सापडला तर क्राउन-पिनियन (डिफरन्शियलचे मुख्य गियर) उघडावंच लागेल. ट्रान्सफर केसला काही गाड्यांत एटीएफ (ऑटोमॅटिक गियरबॉक्सचं पातळ तेल) लागतं, काहींत गियर ऑइल. दुकानदाराला विचारू नका, मॅन्युअल बघा.

कागदांचं थोडक्यात, कारण यातही लोक अडकतात. मागच्या मालकाचं कर्ज फिटलं असलं तरी आरसीवरची एचपी (कर्जाची नोंद) फॉर्म ३५ दिल्याशिवाय उतरत नाही, ते आत्ताच बघा. विम्याला नाव बदलण्यासाठी १४ दिवसांत कळवायचं असतं. आणि आरसीवरच्या मॉडेलमध्ये फोर डब्ल्यूडी आहे का ते वाचा. टू व्हील ड्राइव्ह गाडीला मागाहून पुढचा अ‍ॅक्सल बसवून फोर बाय फोर म्हणून विकणारे आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय. तसं निघालं तर आरटीओतल्या जाणकाराला आधी विचारा, मी वकील नाही.

माझ्या गाडीचं पुढे एवढंच झालं: चारही टायर २१५ चे केले, कटकट गेली, ट्रान्सफर केसवर घातलेले पैसे गेले ते गेलेच. तुम्ही गॅरेजला सध्या थांबायला सांगा. कामाला लावलंच, तर अंदाज लेखी घ्या आणि जुने पार्ट गाडीत ठेवायला आधीच सांगून ठेवा. चारही टायरांचा साईज, तारखा आणि पाच फेऱ्यांची दोन्ही अंतरं इथे लिहा, त्यावरून पुढचं बोलू. तोपर्यंत डांबरावर टू एचच.